कुठल्या कॉन्फरन्सची भरती सरस? कॉलेज बास्केटबॉलचा हिशेब स्वतः कसा मांडायचा

२०२५च्या गणपतीत आरती उरकून प्रसादाच्या रांगेत उभा होतो, तर मागे दोन पोरांची जुंपली. एकाच्या अंगात ड्यूक युनिव्हर्सिटीची निळी जर्सी, आमच्या केरी गावचाच. दुसरा नुकताच अलाबामातून नॉर्थ कॅरोलायनात राहायला आलेला.

"एसीसी म्हणजे एसीसी. देशातला एक नंबरचा रिक्रूट आमच्याकडे आला."

"एकच आला ना? एसईसीच्या चौदा टीम मार्च मॅडनेसमध्ये होत्या. तुमच्या किती?"

पहिल्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हीच सांगा."

काकांनी मोदक तोंडात टाकून वेळ मारून नेली. पण रात्री एक्सेल उघडून बसलो, कारण पोरं दोघंही खरं बोलत होती आणि तरीही एकमेकांना उत्तर देत नव्हती. एक जण सर्वांत वरच्या मुलाकडे बोट दाखवत होता, दुसरा अख्ख्या कॉन्फरन्सकडे. त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन वीकेंडना जी पद्धत बसली, ती इथे देतो. फक्त पुरुषांच्या बास्केटबॉलपुरती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि ती तीसहून अधिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या गटांमध्ये, वाटलेली आहेत. बास्केटबॉलमध्ये वजन आहे ते पाचांचं: एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसईसी आणि बिग ईस्ट. हायस्कूलच्या मुलांना आपल्या कॉलेजकडे ओढून आणणं म्हणजे रिक्रूटिंग, आणि एका वर्षी आलेल्या मुलांची मिळून एक बॅच. मार्च मॅडनेस म्हणजे सीझनच्या शेवटी होणारी राष्ट्रीय विजेतेपदाची बाद स्पर्धा.

पायरी १: प्रश्न एकच निवडा

'भरती चांगली' याचे तीन वेगवेगळे अर्थ निघतात. नावाजलेली मुलं कोणी मिळवली, हा एक. फारशी नावाजलेली नसलेली पण पुढे चमकलेली मुलं कोणी हेरली, हा दुसरा. आणि मिळालेल्या मुलांच्या जोरावर सामने कोणी जिंकले, हा तिसरा. तिन्ही एकाच आकड्यात कोंबलेत की उत्तर निरर्थक येतं. मी पहिला प्रश्न मुख्य धरतो आणि तिसरा पडताळणीसाठी ठेवतो. दुसरा लहान कॉन्फरन्सकडे आल्यावर.

पायरी २: कोण कुठे होतं, हे आधी लिहून काढा

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. २०२४च्या उन्हाळ्यात पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्याकडची कॉन्फरन्स फुटली. यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली. अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट, कोलोराडो आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये. स्टॅनफर्ड आणि कॅल थेट एसीसीत, म्हणजे प्रशांत महासागराच्या काठावरची कॉलेजं 'अटलांटिक कोस्ट'च्या नावाखाली खेळू लागली. टेक्सस आणि ओक्लाहोमा त्याच वेळी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत आली. त्याच्या आदल्या वर्षी ह्यूस्टन, सिनसिनाटी, यूसीएफ आणि बीवाययू बिग ट्वेल्व्हमध्ये दाखल झाली होती.

आता कोणी आजची यादी हातात घेऊन २०२०च्या बॅचची बेरीज केली, तर टेक्ससने बिग ट्वेल्व्हमध्ये असताना आणलेली मुलं एसईसीच्या खात्यात जमा होतात. म्हणून माझा नियम असा: मुलगा पहिला सीझन ज्या कॉन्फरन्सच्या कोर्टवर खेळला, श्रेय तिचं. हाही नियम कधीकधी कुरकुरतो. मिलोस उझान २०२४च्या वसंतात ओक्लाहोमा सोडून ह्यूस्टनला गेला. तो निघाला तेव्हा दोन्ही कॉलेजं बिग ट्वेल्व्हमध्ये होती. पण तो ह्यूस्टनकडून खेळायला उतरला, तोवर ओक्लाहोमा एसईसीत. माझ्या नियमाने ही बिग ट्वेल्व्हची कमाई आणि एसईसीचं नुकसान. तुम्ही उलटही ठरवू शकता, फक्त ठरवा ते एकदाच आणि सगळ्यांना सारखंच लावा.

२०२४-२५च्या सीझनसाठी सदस्यसंख्या अशी: एसीसी १८, बिग टेन १८, बिग ट्वेल्व्ह १६, एसईसी १६, बिग ईस्ट ११. हे आकडे जवळ ठेवा, पुढे भागाकाराला लागतील.

पायरी ३: रँकिंग घ्या, पण कॉलेजचे तयार गुण घेऊ नका

२४७स्पोर्ट्स, ईएसपीएन, रायव्हल्स अशा साइट्स मुलांना तारे आणि क्रमांक देतात. अनेकांची मतं एकत्र करून बनवलेली यादी वापरावी, म्हणजे एखाद्याच परीक्षकाची आवड हिशेबात घुसत नाही. याच साइट्स प्रत्येक कॉलेजच्या बॅचलाही गुण देतात. त्यांची बेरीज करून कॉन्फरन्सची क्रमवारी लावायचा मोह होतो. तो टाळा. त्या गुणांच्या सूत्रात बॅचमधल्या सर्वोत्तम मुलाला पूर्ण वजन असतं आणि पुढच्या प्रत्येकाला कमी-कमी. एका कॉलेजला दुसऱ्याशी ताडून पाहायला ते ठीक. सोळा कॉलेजं एकत्र केली की कोणत्या मुलाचं वजन कुठे कापलं गेलं, याचा पत्ताच लागत नाही. शिवाय सात-आठ बेताची मुलं घेणारं कॉलेजही बऱ्यापैकी गुण मिळवून जातं. एक ना धड भाराभर चिंध्या, पण बेरजेत शोभून दिसतात.

त्यापेक्षा प्रत्येक मुलाची एक ओळ करा: नाव, बॅचचं वर्ष, देशातला क्रमांक, कॉलेज, कॉन्फरन्स. क्रमांकावरून गुण द्या. माझे गुण असे: पहिल्या दहातल्याला १०, अकरा ते तीसला ६, एकतीस ते साठला ३, एकसष्ट ते शंभरला १, त्यापुढे शून्य. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, त्यांना शास्त्र समजू नका. मुद्दा उताराचा आहे. पहिल्या आणि पंधराव्या मुलातली दरी कोर्टवर डोळ्यांना दिसते, ऐंशीव्या आणि पंचाण्णवाव्यातली फक्त कागदावर असते. सरळ क्रमांकांची सरासरी काढलीत, तर हा उतारच हरवतो.

इथे दोन खाचखळगे आहेत. मुलं बॅच बदलतात: ड्यूकला आलेला तो एक नंबरचा रिक्रूट, कूपर फ्लॅग, मूळचा २०२५च्या बॅचचा, पण एक वर्ष आधीच हायस्कूल संपवून २०२४मध्ये आला. जुनी यादी वापरलीत, तर तो दोनदा मोजला जाईल किंवा एकदाही नाही. आणि परदेशातून आलेल्या मुलांचे क्रमांक डगमगते असतात. येगोर द्योमिन रशियाचा, रेआल माद्रिदच्या युवा संघातून बीवाययूला आलेला. अमेरिकन परीक्षकांनी अशा मुलांना मोजकेच सामने खेळताना पाहिलेलं असतं. मी अशांच्या ओळींना वेगळा रंग देतो आणि शेवटी त्यांना वगळून एकदा हिशेब पुन्हा करून पाहतो.

पायरी ४: सरासरी नको, मधलं कॉलेज बघा

अख्ख्या लेखातली एकच पायरी वापरणार असाल, तर ही वापरा.

समजा एका कॉन्फरन्समधल्या पाच कॉलेजांचे गुण ६०, ४, ३, २, १ आहेत. बेरीज ७०, सरासरी १४. दुसऱ्या कॉन्फरन्सचे १६, १४, १३, १२, १०. बेरीज ६५, सरासरी १३. सरासरीने पहिली जिंकली. पण उतरत्या क्रमाने लावून मधलं कॉलेज पाहा: पहिल्यात ३, दुसऱ्यात १३. मंगळवारी रात्रीच्या कुठल्याही साध्या लीग सामन्यात तगडा प्रतिस्पर्धी कुठे भेटेल, ते यातून कळतं.

आता खरा प्रसंग, म्हणजे प्रसादाच्या रांगेतला. २०२५च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या टीम दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, पहिल्या दहात गेलेले सगळे अमेरिकन कॉलेजमधून आले होते आणि दहापैकी नऊ कॉलेजात एकच वर्ष काढलेले. म्हणजे ही जवळजवळ २०२४च्या बॅचचीच गुणवत्ता यादी. एसीसीचे तीन: फ्लॅग पहिला, कॉन कनिपल चौथा, खमान मलुआच दहावा. एसईसीचेही तीन: ट्रे जॉन्सन सहावा, जेरमाया फियर्स सातवा, कॉलिन मरे-बॉइल्स नववा. यातला मरे-बॉइल्स तेवढा दुसऱ्या वर्षाचा. बिग टेनचे दोन: डिलन हार्पर दुसरा, एस बेली पाचवा. बिग ट्वेल्व्हचे दोन: व्ही. जे. एजकोम तिसरा, द्योमिन आठवा.

तीनास तीन, म्हणजे बरोबरी? वरचा क्रमांक धरला तर एसीसी पुढेच. पण कॉलेजचा रकाना पाहा. एसीसीचे तिघंही ड्यूकचे. एसईसीचे तिघं टेक्सस, ओक्लाहोमा आणि साउथ कॅरोलायना या तीन ठिकाणचे. बिग टेनचे दोघंही रटगर्सचे. बिग ट्वेल्व्हचे एक बेलरचा, एक बीवाययूचा.

म्हणून माझ्या शीटमध्ये एक 'काढून पाहा' रकाना आहे. प्रत्येक कॉन्फरन्सचं सर्वांत वरचं कॉलेज वगळून बेरीज पुन्हा करायची. या दहाजणांपुरतं बोलायचं, तर ड्यूक काढलं की एसीसी तिनावरून शून्यावर येते. रटगर्स काढलं की बिग टेनही शून्य. एसईसीतून कुठलंही एक काढा, दोन उरतात. दहा मुलांवरून निकाल द्यायचा नसतो हे खरं, पण शंभर मुलांची यादी घेऊन बसलात तरी करायचं हेच. आमच्या घरात ड्यूकचेच चाहते असल्याने मला हे सांगताना आनंद होत नाही, पण त्या वर्षीची एसीसी म्हणजे बडा घर पोकळ वासा होती.

पायरी ५: ट्रान्सफर मोजल्याशिवाय हिशेब अर्धा

दहा वर्षांपूर्वी हायस्कूलची बॅच मोजली की काम संपायचं. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, ऑक्टोबर २०१८ला सुरू झालं. २०२१पासून पहिली बदली एक वर्ष बाहेर न बसता करता येऊ लागली आणि २०२४मध्ये अभ्यासाची अट पाळणाऱ्या मुलाला कितीही वेळा बदली करायची मुभा मिळाली. २०२५मध्ये डिव्हिजन वनच्या पुरुषांच्या बास्केटबॉलमधून दोन हजारांहून अधिक नावं पोर्टलमध्ये होती.

याचा अर्थ काय, ते त्या वर्षीच्या विजेत्याकडे पाहून कळतं. ७ एप्रिल २०२५ला सॅन अँटोनियोत फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ हरवलं. फ्लोरिडाच्या सुरुवातीच्या पाचांपैकी चार बाहेरून आलेले होते. वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाचा, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, विल रिचर्ड बेल्मॉन्टचा, रूबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटचा. पाचवा, अॅलेक्स कॉन्डन, ऑस्ट्रेलियाचा. हायस्कूलच्या पहिल्या शंभरांवर बांधलेल्या शीटमध्ये या विजेत्या पाचकडीचे एसईसीला मिळणारे गुण शून्य भरतात.

मग ट्रान्सफरला गुण कसे द्यायचे? हायस्कूलचा जुना क्रमांक विसरा, मुलगा आता कॉलेजात खेळून दाखवून आला आहे. मी तीनच पायऱ्या ठेवल्यात. आधीच्या कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेलेला असेल तर ६, नियमित सुरुवातीला उतरणारा असेल तर ३, बाकावरून येणारा असेल तर १. क्लेटन आयोनात असताना त्या कॉन्फरन्सचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, म्हणजे ६. जास्त बारकाई हवी असेल, तर बार्ट टॉर्विक यांच्या साइटवर प्रत्येक खेळाडूचे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार जुळवलेले आकडे मिळतात. मी सुरुवातीला त्यातच गुंतून पडलो आणि दोन रात्री वाया घालवल्या. तीन पायऱ्या पुरतात.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: कॉन्फरन्सच्या हिशेबात आतल्या आत झालेली बदली म्हणजे या खिशातलं त्या खिशात. एल. जे. क्रायर २०२३मध्ये बेलरहून ह्यूस्टनला गेला. ह्यूस्टनची चांदी झाली, बिग ट्वेल्व्हला ना नफा ना तोटा. याहून ठसठशीत उदाहरण प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांचं. एप्रिल २०२४मध्ये ते केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले आणि त्यांच्यामागून केंटकीचे काही खेळाडू आणि केंटकीला शब्द दिलेली हायस्कूलची मुलंही तिकडे वळली. केंटकीच्या लेक्सिंग्टनमध्ये सुतक, आर्कान्सॉच्या फेएटव्हिलमध्ये दिवाळी. एसईसीच्या एकूण बेरजेत मात्र एका गुणाचाही फरक नाही. ज्यांनी फक्त 'आलेले' मोजले, 'गेलेले' वजा केले नाहीत, त्यांच्या तक्त्यात एसईसी उगाचच फुगली.

म्हणून ट्रान्सफरचे दोन रकाने करा, जमा आणि नावे, आणि आतल्या बदल्या दोन्हींतून खोडा.

पायरी ६: किती वर्षं घ्यायची

तीन. एका वर्षात फ्लॅगसारखं एखादं पोर सगळं झाकून टाकतं, आणि पाच वर्षं मागे गेलात तर कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष आडवं येतं. २०२०-२१चा सीझन कोणाच्याच खेळायला मिळणाऱ्या चार सीझनांत मोजला गेला नाही. त्यामुळे पुढची तीन-चार वर्षं तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडू जागा अडवून होते आणि हायस्कूलच्या मुलांना कमी विचारलं जात होतं. तो काळ वेगळाच ठेवा.

पायरी ७: निकालाशी पडताळा, पण निकालाचे गुलाम होऊ नका

२०२५च्या मार्च मॅडनेसमध्ये ६८ टीम होत्या. त्यात एसईसीच्या १६पैकी १४ होत्या, आजवरचा विक्रम. त्याआधीचा विक्रम बिग ईस्टच्या ११ टीमचा, २०११मधला. बिग टेनच्या १८पैकी ८, बिग ट्वेल्व्हच्या १६पैकी ७, बिग ईस्टच्या ११पैकी ५. एसीसीच्या १८पैकी ४. टक्केवारीत मांडलं की चित्र आणखी बोलकं होतं: एसईसी ८७.५, एसीसी २२, आणि मधल्या तिघी ४४-४५च्या आसपास दाटीवाटीने.

हे काही अचानक झालं नव्हतं. डिसेंबर २०२४च्या सुरुवातीला या दोन कॉन्फरन्समध्ये सोळा सामने झाले होते. एसईसीने त्यातले १४ जिंकले. एसीसीने जिंकलेल्या दोनांपैकी एक ड्यूकचा होता. 'काढून पाहा' रकान्याने जे सांगितलं, तेच कोर्टवर दिसलं.

तरीही निकाल म्हणजे भरती नव्हे. हार्पर आणि बेली हे दोघंही आपल्या बॅचच्या पहिल्या पाचांतले आणि दोघंही रटगर्सला गेले. रटगर्सचा तो सीझन १५ विजय, १७ पराभव असा संपला, मार्च मॅडनेस दूरच. साउथ कॅरोलायनाकडे मरे-बॉइल्स होता, एसईसीत विजय मिळाले दोन. मागे गेलात तर मार्केल फल्ट्झ दिसतो: २०१७च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू, आणि त्याच्या वॉशिंग्टनने त्या सीझनमध्ये फक्त ९ सामने जिंकले. दहावीला बोर्डात आलेला मुलगा बारावीत गडगडतो तेव्हा दहावीचे गुण खोटे ठरत नाहीत, मधल्या दोन वर्षांत काय झालं ते शोधावं लागतं. रटगर्सला भरतीचे पूर्ण गुण द्या आणि निकालाच्या रकान्यात जे आहे ते लिहा. दोन रकाने शेजारी ठेवले, की कुठल्या कॉन्फरन्समध्ये गुणवत्ता येऊन वाया जाते, ते आपोआप दिसू लागतं. मला तरी सगळ्यांत रस याच फटीत आहे.

पैशाचा रकाना

१ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा सगळ्या खेळांची मिळून आहे. एसईसी किंवा बिग टेनमध्ये त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल गिळतो. बिग ईस्ट कॉन्फरन्स म्हणून फुटबॉल खेळवतच नाही, म्हणजे तिथे बास्केटबॉलला मोकळा हात. कोणाला किती मिळाले याचे जे आकडे फिरत असतात, त्यांतले बहुतेक एजंटांनी सोडलेले फुगे असतात. ते शीटमध्ये घालू नका. शेरा लिहा, पुरे.

लहान कॉन्फरन्ससाठी फूटपट्टीच वेगळी

वरची पद्धत लहान कॉन्फरन्सना लावलीत, तर पानभर शून्यं येतील आणि ती अन्यायाची असतील. गोंझागा हा अपवाद. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये असतानाही तिने २०२१च्या बॅचमधला अव्वल मुलगा, चेट होमग्रेन, मिळवला. पण गोंझागा म्हणजे ती कॉन्फरन्स नव्हे. 'काढून पाहा' इथे सर्वांत आधी करा.

बाकीच्यांना पायरी १मधला दुसरा प्रश्न विचारा: हेरले कोण? स्टेफ करी डेव्हिडसनला गेला कारण मोठ्या कॉलेजांनी त्याच्यात रस दाखवला नाही. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटचा, २०१२च्या ड्राफ्टमध्ये सहावा. जा मोरँट मरे स्टेटचा, २०१९मध्ये दुसरा. आता फरक एवढाच, की असा मुलगा पहिल्या-दुसऱ्या वर्षी चमकला की मोठं कॉलेज त्याला उचलून नेतं. ऑबर्नचा जॉनी ब्रूम मोरहेड स्टेटहून आलेला, क्लेटनची गोष्ट वर आलीच. म्हणून लहान कॉन्फरन्ससाठी 'नावे'चा रकाना मी उलटा वाचतो: जितके जास्त खेळाडू वरच्यांनी पळवले, तितकी त्यांची पारख चांगली.

सरावासाठी २०२५ची बॅच घ्या. वरच्या तिघांपैकी ए. जे. डिबान्त्सा बीवाययूला आणि डॅरिन पीटरसन कॅन्ससला गेला, म्हणजे दोघं बिग ट्वेल्व्हचे, आणि कॅमरन बूझर ड्यूकला. पहिल्या शंभरांच्या ओळी भरायला एक संध्याकाळ लागते, ट्रान्सफरला एक अख्खा शनिवार.

मी माझी शीट त्या दोन्ही पोरांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. अलाबामाच्या पोराचा लगेच अंगठा आला. ड्यूकवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी: "काका, सगळं बरोबर आहे, पण यातून ड्यूक का काढलंत?"